पिकअपचं डिफरन्शियल का जातं? आवाज ओळखा, तेल बघा आणि जॉबकार्ड घेतल्याशिवाय गाडी सोडू नका

कांद्याचा सीझन सुरू झाला की राहुड घाटात कडेला उभी असलेली एखादी तरी पिकअप दिसतेच. मागचं चाक दगड लावून अडवलेलं, ड्रायव्हर फोन कानाला लावून फिरतोय आणि गाडीत वीस क्विंटल कांदा. विचारलं तर एकच उत्तर येतं, "हाउसिंगमधून आवाज आला आणि गाडी ओढायचीच बंद झाली."

दोन वर्षांपूर्वी त्या जागेवर मी स्वतः उभा होतो. उमराण्याकडून पिंपळगावला निघालो होतो. घाट चढताना आधी कण्हल्यासारखा आवाज, मग खडखड आणि शेवटी एक दणका. इंजिन चालू, गिअर पडतोय, पण चाक फिरत नाही. दुसरी गाडी बोलावून माल पलटी केला. लिलाव हुकला, भाडं डबल गेलं आणि पुढचे तीन महिने गॅरेजच्या चकरा झाल्या. त्यात जे कळलं ते सगळ्या पिकअपवाल्या मंडळींसाठी एका जागी लिहून ठेवतोय.

डिफरन्शियल म्हणजे नेमकं काय?

मागच्या एक्सेलच्या मधोमध जो गोल डबा असतो त्याला आपण हाउसिंग म्हणतो. त्याच्या आत डिफरन्शियल असतं. इंजिनची ताकद प्रोपेलर शाफ्टमधून इथे येते आणि दोन्ही चाकांना वाटली जाते. आतले मुख्य भाग असे:

- पिनियन: शाफ्टला जोडलेला लहान दात्यांचा गिअर.
- क्राऊन: पिनियन ज्याला फिरवतो तो मोठा गोल गिअर.
- स्पायडर आणि साइड गिअर: क्राऊनला जोडलेल्या केजमधले छोटे गिअर. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्याला कमी. हा फरक हे गिअर सांभाळतात.
- बेअरिंग, शिम आणि ऑइल सील: गिअर जागेवर धरणारे, अंतर जुळवणारे आणि तेल अडवणारे भाग.

इथे जोर किती येतो ते बघा. पहिल्या गिअरमध्ये गिअरबॉक्स इंजिनचा जोर चारपट करतो आणि हाउसिंगमध्ये तो साडेचारपट होतो असं धरलं, तर चाकापर्यंत अठरापट जोर जातो. हा सगळा जोर क्राऊन-पिनियनचे एका वेळी भिडलेले दोन-तीन दाते सोसतात. त्यांच्यामध्ये असतो फक्त तेलाचा पातळ थर.

खराब होण्याची कारणं

१. तेल कमी होणं. सगळ्यात जास्त गाड्या यानेच जातात. पिनियनचं सील गळतं, तेल थेंबथेंब जातं आणि हाउसिंगवर धूळ बसून काळा थर जमतो. आपण म्हणतो, "थोडंसं तर गळतंय." माझंही तेच झालं. चार महिने फडक्याने पुसत राहिलो, पण प्लग खोलून तेल एकदाही बघितलं नाही.

२. चुकीचं तेल. क्राऊन-पिनियनचे दाते एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, घासत सरकतात. म्हणून इथे जास्त दाब सोसणारं तेल लागतं. बहुतेक गाड्यांना जीएल-५ दर्जाचं, ८०डब्ल्यू-९० किंवा ८५डब्ल्यू-१४० तेल सांगितलेलं असतं. गिअरबॉक्सचं तेल आणि हाउसिंगचं तेल एकच असेल असं नाही. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत काय लिहिलंय तेच टाका. "नव्वद नंबर टाकलंय" एवढ्यावर समाधान मानू नका, डब्यावर जीएल-५ आहे का ते वाचा.

३. ओव्हरलोड. दीड टन क्षमतेच्या गाडीत वीस किलोचे ७५ कॅरेट बसतात, रिकाम्या कॅरेटचं वजन वेगळं. आपण १२० लावतो, म्हणजे २,४०० किलो. सपाट रस्त्यावर गाडी ओढते म्हणून वाटतं, काही होत नाही. पण प्रत्येक घाटात दात्यांवर बारीक तडे पडत असतात. दाता तुटतो एका दिवशी, त्याची तयारी वर्षभर चालू असते.

४. चिखलात चाक फिरवत बसणं. गाडी रुतली की एक चाक गरगर फिरतं आणि दुसरं जागेवर असतं. अशा वेळी स्पायडर गिअर खूप वेगाने फिरतात आणि त्यांची पिन जळते. चाक फिरतंय आणि गाडी हलत नाही असं दिसलं की पाय काढा. चाकाखाली पाचट, गोणपाट टाका किंवा ट्रॅक्टरने ओढा. क्लच झटकन सोडून हिसके देऊ नका. दाता तुटायला एक हिसकाही पुरतो.

५. पाणी शिरणं. हाउसिंगवर एक छोटा ब्रीदर असतो, गरम हवा बाहेर जाण्यासाठी. तो मातीने बुजला तर आतला दाब सील फोडून तेल बाहेर काढतो. हेच तेल कधी ब्रेकच्या लायनरवर जातं आणि ब्रेक लागत नाही. उलट, तापलेली गाडी ओढ्यात घातली की हाउसिंग एकदम थंड होतं आणि पाणी आत ओढलं जातं.

६. मागचे टायर वेगवेगळे. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला गुळगुळीत टायर असेल तर दोन्हींचा घेर वेगळा होतो. मग सरळ रस्त्यावरही स्पायडर गिअरला आराम मिळत नाही.

आवाजावरून ओळखा

- रेस दिल्यावर कण्हण्याचा आवाज, पाय काढल्यावर बंद: क्राऊन-पिनियनची झीज किंवा चुकलेलं सेटिंग.
- पाय काढल्यावर, उतारावर आवाज: दात्यांची दुसरी बाजू झिजलेली, किंवा पिनियनचं बेअरिंग ढिलं.
- रेस असो नसो, वेगाबरोबर वाढणारी घरघर: बेअरिंग.
- गाडी डावी-उजवीकडे झुकवली की आवाज बदलतो: बहुतेक चाकाचं बेअरिंग. हाउसिंग खोलायच्या आधी हे बघा.
- फक्त वळणावर कटकट: स्पायडर गिअर किंवा त्याची पिन.
- गाडी उचलताना "ठक्": आधी प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस तपासा. क्रॉसचा खर्च हाउसिंगच्या मानाने किरकोळ आहे. क्रॉस गेलेला असताना हाउसिंग खोलून बसलेले लोक मी बघितलेत.

खडखड सुरू झाली की "बाजारापर्यंत जाऊ" म्हणू नका. तुटलेला तुकडा दोन गिअरमध्ये अडकला तर मागची चाकं चालत्या गाडीत जाम होतात. घाटात त्याचा अर्थ काय, ते सांगायला नको. बिघाड गिअरबॉक्सच्या पुढे असल्यामुळे न्यूट्रल करूनही उपयोग नसतो. गाडी मागून उचलूनच न्यावी लागते.

घरी करायची तपासणी

गाडी सपाट जागेवर लावा, इंजिन बंद करा, चाकांना दगड लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका.

हाउसिंगला दोन प्लग असतात. भरायचा वरच्या अंगाला, सोडायचा तळाला. आधी भरायचा प्लग खोला. तो जाम असेल आणि तुम्ही खालून तेल सोडून बसलात, तर नवीन तेल घालणार कुठून? भोकाच्या खालच्या काठापर्यंत तेल बोटाला लागलं पाहिजे. मग बोटावरचं तेल उजेडात बघा:

- दुधाळ, चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय. तेल लगेच बदला.
- चांदीच्या भुकटीसारखी चमक असेल तर झीज वाढलीय.
- खाली सोडायच्या प्लगवर लोहचुंबक असेल तर त्याला बारीक काळी पेस्ट लागणं चालतं. कपची किंवा दात्याचा तुकडा निघाला तर गाडी हलवू नका.
- काळं पडून करपल्याचा वास आला तर हाउसिंग जास्त तापलंय.

एकदा काम केलं, तरी पुन्हा तेच का?

गाडीमालकांचा खरा संताप इथे आहे. माझं पहिलं बिल अडतीस हजार झालं. नवीन क्राऊन-पिनियन टाकलं आणि तीन महिन्यांत पुन्हा तोच आवाज. पार्ट डुप्लिकेट होता म्हणून मी दुकानदाराशी भांडलो. दुसऱ्या मिस्तरीने हाउसिंग खोललं आणि म्हणाला, "भाऊ, पार्ट चांगलाय. बेअरिंग जुनेच ठेवलेत आणि सेटिंग अंदाजाने केलंय."

हे काम नट-बोल्ट आवळण्याचं नाही, मापाचं आहे. क्राऊन आणि पिनियनच्या दात्यांमध्ये ठरावीक फट लागते. तिला बॅकलॅश म्हणतात. ती मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असते आणि डायल गेजनेच मोजता येते. नेमका आकडा गाडीप्रमाणे वेगळा. फट कमी राहिली तर दाते तापतात, जास्त राहिली तर आपटतात. म्हणून काम देण्याआधी हे विचारा:

१. क्राऊन-पिनियन जोडीनेच बदलणार ना? ही जोडी कारखान्यात एकत्र जुळवलेली असते. एक नवा आणि एक जुना चालत नाही.
२. बेअरिंग, सील आणि पिनियनचा नट नवीन टाकणार ना? ज्या गाड्यांत दबणारा स्पेसर असतो तो एकदाच वापरायचा असतो.
३. डायल गेज आहे का?
४. दात्यांना रंग लावून ठसा बघणार का? ठसा दात्याच्या मधोमध उमटला पाहिजे.
५. हाउसिंग आतून धुणार का? जुन्या दात्याची कपची राहिली तर ती नवीन जोडी खाते.

भंगारातून आख्खं हाउसिंग आणणार असाल तर क्राऊन-पिनियनच्या दात्यांची संख्या मोजून घ्या. ४१ आणि ९ च्या जागी ४१ आणि ८ ची जोडी बसली तर गाडीची ओढ आणि वेग दोन्ही बदलतात. काम झाल्यावर पहिल्या काही ट्रिप हलक्या मारा आणि हजारभर किलोमीटरनंतर तेल बदला.

वॉरंटी नाकारली तर काय?

वॉरंटीतल्या गाडीचं हाउसिंग गेलं की शोरूमचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "ओव्हरलोड केलीय तुम्ही." माझ्या बाबतीत ते खरं होतं. बाजार समितीच्या काट्याच्या पावत्या माझ्याच डॅशबोर्डमध्ये होत्या आणि प्रत्येकीवर एकवीस-बावीस क्विंटल. मी गप्प बसलो.

पण आमच्याच शिवारातल्या एका दूधवाल्याची गोष्ट वेगळी. त्याची गाडी कधीच भरून चालत नव्हती. सील पहिल्या वर्षातच गळलं, त्याने दोनदा दाखवलं आणि दोन्ही वेळा "नॉर्मल आहे" म्हणून परत पाठवलं. हाउसिंग गेल्यावर त्यालाही ओव्हरलोडच सांगितलं. फरक एवढाच की आधीच्या दोन्ही चकरांची जॉबकार्डं त्याने जपून ठेवली होती आणि दोन्हींवर "तेल गळती" लिहिलेलं होतं. ती घेऊन त्याने लेखी तक्रार केली आणि १९१५ वर नोंदवली. शेवटी पार्ट फुकट मिळाले, मजुरी त्याने भरली.

कायदा काय सांगतो तेही माहीत असू द्या:

- धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूवर ग्राहक तक्रार चालत नाही असं सांगून अनेकांना परत पाठवतात. पण ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे, फक्त स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेली वस्तू यातून वगळलेली आहे. स्वतः चालवण्यासाठी ट्रक घेणारा माणूस ग्राहकच आहे, असं सुप्रीम कोर्टाने १९९५ च्या एका निकालात सांगितलं आहे.
- राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे न सुटल्यास जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते.
- मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये.
- आणि दुसरी बाजू: ओव्हरलोड पकडला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे २०,००० रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये.

शोरूममध्ये तोंडी बोलून गाडी सोडू नका. तक्रार तुमच्या शब्दांत जॉबकार्डवर लिहून घ्या, किलोमीटर टाकून घ्या, फोटो काढून ठेवा. वॉरंटी नाकारत असतील तर कारण लेखी मागा. काढलेले जुने पार्ट ताब्यात घ्या किंवा निदान त्यांचे फोटो काढा. काट्याच्या पावत्या जपा. वजनात राहिलात तर त्याच तुमच्या साक्षीदार.

शेवटचं

आता महिन्यातून एकदा, बाजाराच्या आदल्या दिवशी, गाडीखाली सतरंजी टाकून दहा मिनिटं घालवतो. सील बघतो, ब्रीदर पुसतो, दर दोन महिन्यांनी प्लग खोलून बोट घालतो. कॅरेट कमी लावतो, त्यामुळे कधी कधी एक ट्रिप जास्त पडते. घरचे म्हणतात डिझेल जास्त जातं. जातं, खरंय. पण राहुड घाटात उन्हात उभं राहून, जाणारी प्रत्येक गाडी आपल्याकडे बघत असताना, आपला कांदा दुसऱ्याच्या गाडीत भरणं मी एकदा केलंय. ते डिझेलपेक्षा महाग पडतं.