रोटरी क्लब : सेवाकार्य आणि महाविद्यालयीन शिक्षणाला साह्य

रोटरी क्लब ही निरनिराळ्या व्यवसायांतील मंडळींनी एकत्र येऊन चालविलेली सेवासंस्था होय. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागो शहरात पॉल हॅरिस या वकिलाने आपल्या तीन परिचितांसह तिची पहिली बैठक घेतली. सिल्व्हेस्टर शील हे कोळशाचे व्यापारी, हायरम शोरी शिंपी, तर गुस्ताव्हस लोअर खाण अभियंता होते. बैठक भरली ती लोअर यांच्या कचेरीत. पुढे आळीपाळीने एकेका सभासदाच्या कचेरीत जमण्याची पद्धत पडली आणि त्या फिरत्या क्रमावरूनच 'रोटरी' हे नाव रूढ झाले. भारतातील पहिला क्लब १९१९-२० मध्ये कोलकात्यात, तर मुंबईचा क्लब १९२९ साली स्थापन झाला. स्त्रियांना सभासदत्व मिळण्यास मात्र १९८९ साल उजाडावे लागले.

शिकागोच्या क्लबने १९०७ साली हाती घेतलेले पहिले लोकोपयोगी काम म्हणजे शहरात सार्वजनिक शौचालय व्हावे यासाठीचा पाठपुरावा. काम दिसावयास क्षुद्र, पण गरज खरी. (आपल्या बाजारपेठांतून दिवसभर भाजी व मासळी विकणाऱ्या भगिनींना हे वेगळे सांगावयास नको.) पोलिओ निर्मूलनातील रोटरीचा वाटा सर्वश्रुत आहे. १९८५ साली या संस्थेने जगव्यापी लसीकरणाचा संकल्प सोडला. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला.

'कॅथलिकांना रोटरीत जाता येते काय?' असे आजही कोणी ज्येष्ठ भाविक आम्हांस विचारतात. हा प्रश्न निराधार नाही. फ्रीमेसन पंथाशी संबंध असल्याच्या संशयावरून १९२९ साली व्हॅटिकनने धर्मगुरूंनी रोटरीत सहभागी होणे इष्ट नाही, असे कळविले होते. २० डिसेंबर १९५० च्या आदेशाने, जो जानेवारी १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला, धर्मगुरूंना सभासदत्व आणि बैठकांना उपस्थिती या दोहोंची मनाई झाली. प्रापंचिकांना मात्र सरसकट मनाई नव्हती. संशयास्पद संघटनांपासून सावध राहावे, या तत्कालीन कॅनन कायद्यातील ६८४ व्या कलमाचे त्यांना स्मरण देण्यात आले. पुढे हे मळभ दूर झाले. जून १९७९ मध्ये रोटरीचे जागतिक अधिवेशन रोम येथे भरले असता पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रतिनिधींसमोर भाषण केले, आणि ३० एप्रिल २०१६ रोजी, दयेच्या पवित्र वर्षात, हजारो रोटरी सभासद संत पेत्राच्या चौकात पोप फ्रान्सिस यांच्या भेटीस जमले. फ्रीमेसन पंथाविषयीची मनाई २६ नोव्हेंबर १९८३ च्या घोषणेनुसार कायम आहे, पण ती रोटरीस लागू नाही. प्रापंचिकांच्या रोटरी सभासदत्वाला चर्चच्या सार्वत्रिक कायद्यात आज बंदी नाही.

आता शिक्षणाकडे वळू. आर्च क्लम्फ यांनी १९१७ साली लोकहितासाठी कायमस्वरूपी निधी उभारण्याची कल्पना मांडली. तिला मिळालेली पहिली देणगी कॅन्सस सिटीच्या क्लबची होती, रक्कम अवघी २६ डॉलर ५० सेंट! याच निधीतून आजचे रोटरी फाउंडेशन वाढले. जानेवारी १९४७ मध्ये पॉल हॅरिस निवर्तले. त्यांच्या स्मरणार्थ देणग्यांचा ओघ लागला आणि १९४७-४८ मध्ये १८ विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या देण्यात आल्या. ती जुनी योजना २०१३ साली बंद झाली. सध्या फाउंडेशनच्या 'ग्लोबल ग्रँट'मधून परदेशातील पदव्युत्तर शिक्षणास साह्य मिळते. त्यासाठी अभ्यासविषय आरोग्य, पाणी, शिक्षण, पर्यावरण, शांतता अशा ठरावीक क्षेत्रांतील असावा लागतो. रोटरी सभासदांच्या मुला-नातवंडांना हे अनुदान मिळत नाही. हा नियम आम्हांस विशेष स्तुत्य वाटतो.

परंतु आपल्या बहुतेक घरांतील विद्यार्थ्यांची निकड परदेशाची नसते. ती असते अकरावीच्या प्रवेशाची, एस.टी.च्या किंवा लोकलच्या पासाची, वसतिगृहाच्या अनामत रकमेची. येथे फाउंडेशनपेक्षा गावचा किंवा जवळच्या शहराचा क्लब अधिक उपयोगी पडतो. पुस्तकपेढी, सायकलवाटप, शुल्काचा काही भाग भरणे, बिनव्याजी परतफेडीची शिष्यवृत्ती, व्यवसाय मार्गदर्शन अशा नाना रूपांनी क्लब साह्य करतात. मुंबईच्या क्लबचा 'भविष्य यान' हा उपक्रम महापालिका शाळांतील मुलांना शालेय वयातच इंग्रजी व संगणक शिकवितो. आमच्या मते ही दिशा योग्य आहे, कारण बारावीनंतर दिलेला धनादेश आठवीत कच्च्या राहिलेल्या इंग्रजीची भरपाई करू शकत नाही.

मात्र क्लबच्या रचनेत एक अडचण आहे आणि ती अर्जदारांना ठाऊक नसते. रोटरीचे वर्ष १ जुलै रोजी सुरू होते व त्या दिवशी अध्यक्ष बदलतो. अध्यक्षाची कारकीर्द एका वर्षाची, पदवी मात्र तीन किंवा चार वर्षांची. एका अध्यक्षाने आस्थेने सुरू केलेले साह्य पुढच्या अध्यक्षाच्या अग्रक्रमात बसेलच असे नाही. पहिल्या वर्षाचे शुल्क समारंभपूर्वक दिले जाते, छायाचित्र निघते, आणि दुसऱ्या वर्षी विद्यार्थिनी पुन्हा रिकाम्या हाताने प्रवेशखिडकीपाशी उभी राहते. अशी अर्ध्यावरची मदत पुष्कळदा न दिलेल्या मदतीहून जड पडते, कारण तिच्या भरवशावर घरच्यांनी शहरातील महागडे महाविद्यालय निवडलेले असते. म्हणून एकाच वर्षात पंचवीस मुलांना थोडेथोडे वाटण्यापेक्षा पाच मुलांना पदवी मिळेपर्यंत सांभाळणे केव्हाही बरे. ज्या क्लबांनी या कामासाठी स्वतंत्र न्यास स्थापन केला आहे, तेथे अध्यक्ष बदलला तरी निधी राहतो. विद्यार्थ्याने व पालकांनी पहिल्याच भेटीत, संकोच न करता, दोन प्रश्न विचारावेत : साह्य किती वर्षांचे आहे, आणि ते चालू राहण्यासाठी गुणांची किंवा उपस्थितीची अट कोणती?

क्लबकडे जाण्याआधी शासकीय योजना तपासाव्यात, म्हणजे क्लबचा पैसा खऱ्या उणिवेसाठी वापरता येतो. बारावीत आपल्या मंडळाच्या अव्वल २० टक्क्यांत येणाऱ्या आणि वार्षिक कौटुंबिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असलेल्या विद्यार्थ्यांना केंद्र सरकारच्या योजनेतून पदवीसाठी वर्षाला १२,००० रुपये मिळू शकतात. महाराष्ट्र शासनाच्या ८ जुलै २०२४ च्या निर्णयानुसार ठरावीक प्रवर्गांतील, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या 'पीएम विद्यालक्ष्मी' योजनेत निवडक दर्जेदार संस्थांतील प्रवेशासाठी तारणाविना व जामीनदाराविना कर्जाची सोय आहे. यांपैकी पहिल्या दोन योजनांत खोलीचे भाडे, खानावळ आणि प्रवास पुरेसा भागत नाही. क्लबकडे मागावयाचे ते हेच.

धर्मग्रामाची भूमिका येथे मध्यस्थाची आहे. संत व्हिन्सेंट डी पॉल संस्थेचे कार्यकर्ते घरोघरी जातात, त्यामुळे कोणत्या घरातील मूल शिक्षण सोडण्याच्या बेतात आहे हे त्यांना क्लबच्या आधी कळते. त्यांनी अशी नावे खात्री करून क्लबकडे सुचवावीत, आणि दरवर्षी गुणपत्रिका नव्या अध्यक्षांपर्यंत पोहोचविण्याची जबाबदारी घ्यावी. क्लबची स्मृती एका वर्षाची असली तरी धर्मग्रामाची तशी नसते. क्लबचे साह्य धर्म पाहून दिले जात नाही, तेव्हा शेजारच्या पाड्यावरील वारली मुलाचे नावही त्याच यादीत असावे. आणखी एक गोष्ट आयोजकांच्या कानावर घातली पाहिजे. सतरा वर्षांच्या मुलीला व्यासपीठावर उभे करून तिच्या वडिलांचे उत्पन्न ध्वनिक्षेपकावरून सांगण्याचे काही कारण नाही. या हाताचे त्या हाताला कळू नये ही रीत आपल्याकडे जुनीच आहे. देणगीदारांना हिशेब हवा असेल तर तो लेखी द्यावा.

अर्ज करावयाचा तो मार्च ते मे या काळात, म्हणजे मावळत्या आणि येणाऱ्या अशा दोन्ही अध्यक्षांना विषय ठाऊक होतो. सोबत उत्पन्नाचा दाखला, शेवटच्या दोन परीक्षांच्या गुणपत्रिका, महाविद्यालयाचे शुल्कपत्रक, बँकेच्या खातेपुस्तकाची प्रत आणि इतरत्र केलेल्या अर्जांची यादी जोडावी. उत्पन्नाच्या दाखल्यास तहसील कार्यालयात वेळ लागतो, म्हणून तो निकालाची वाट न पाहता आधीच काढून ठेवावा.