हळदीच्या हलव्याचे कूळ

नाव अरबी, मार्ग फारसी आणि दख्खनच्या सुलतानांच्या अमदानीत दक्षिणेत झालेला प्रसार, हा हलव्याचा इतिहास सर्वश्रुत आहे. परंतु थंडीच्या दिवसांत निपाणीस आमच्या घरी जो हळदीचा हलवा होतो, त्याचे कूळ या वंशावळीत शोधणे मला व्यर्थ वाटते; आणि तसे वाटण्यास कारण झाला तो कोहळा.

मराठी घरात कोहळ्याचा कीस साखरेच्या पाकात आटवला म्हणजे त्यास कोहळेपाक म्हणतात. त्याच जिनसा कन्नड घरात सढळ तुपाने शिजल्या की त्यांस काशीहलवा हे नामाभिधान प्राप्त होते. या उभयतांचा पूर्वज मात्र अकराव्या शतकातील चक्रपाणिदत्ताच्या वैद्यकग्रंथात खंडकूष्मांड या नावाने, रक्तपित्तावरील औषध म्हणून नांदताना आढळतो. औषधी पाकाने शेजारच्या भाषेत हलव्याचे नाव धारण केल्याचा हा धडधडीत दाखला होय. आणि जे कोहळ्याचे झाले, ते हळदीचे का झाले नसावे?

'भैषज्यरत्नावली' हा वैद्यकग्रंथ उघडावा, तो अंगावर उठणाऱ्या पित्तावर सांगितलेले हरिद्राखंड समोर उभे राहते : हळद 8 पले, तूप 6, साखर 50 आणि आढकभर गाईचे दूध. साखरेच्या सुमारे सहाव्या हिश्श्याइतकी हळद!

प्रतिपक्षाचा कैवार घ्यायचा, तर असद खान लारीला साक्षीस बोलवावे लागेल. 1549 साली निवर्तलेल्या या आदिलशाही सरदाराकडे आमच्या मुलखातले बेळगाव होते, आणि त्याची 'लारी' ही निसबत इराणातील लार शहराकडे बोट दाखवते. इराणी हलव्यात केशर असते. फारसीत हळदीस 'जर्दचोबा', म्हणजे पिवळे काष्ठ, म्हणतात. तेव्हा महाग केशराच्या जागी स्वस्त हळद आली, असा हा युक्तिवाद. तो आकर्षक आहे, पण टिकत नाही. केशराची बदली म्हणून आलेली हळद चिमूटभर असती आणि कढईत राज्य पिठाचे असते. आमच्या कढईत पीठ नसतेच. हळदच प्रथम तुपात, करपू न देता, कच्चा उग्र वास जाईपर्यंत मंद विस्तवावर परतली जाते, मग दूध, मग साखर.

'भैषज्यरत्नावली' असद खानानंतरची, हा आक्षेपही मजला अडवीत नाही. ती संग्रहग्रंथ आहे आणि खंडपाकाची, म्हणजे साखरेच्या पाकात औषध शिजवण्याची, रीत चक्रपाणिदत्ताइतकी जुनी. वैद्याच्या खलातून ती घरच्या चुलीवर उतरली ती या हळदीच्या मुलखातच, सांगलीची पेठ आणि हळद साठवण्याची हरिपूरची पेवे जवळच असताना, असा माझा पक्का तर्क आहे. वैद्यकग्रंथकार शार्ङ्गधराने अवलेह, म्हणजे असा औषधी पाक, सिद्ध झाल्याच्या खुणा दिल्या आहेत : तार सुटावी, पाण्यात टाकता बुडावा, दाबता बोटाचा ठसा उमटावा. आमच्याकडे पाण्याच्या वाटीत थेंब सोडून गोळी होते का पाहतात, ती हीच परीक्षा.

आणि शेवटी मसाला. इराणी हलव्यास गुलाबपाणी हवे. हरिद्राखंडात शेवटी घालायच्या प्रक्षेपद्रव्यांत त्रिकटू आहे, म्हणजे सुंठ, मिरी, पिंपळी; आमच्या हलव्यात कढई उतरवताना वेलदोड्याबरोबर सुंठ आणि मिरपूड पडते, आणि केशराच्या कोणत्याही उपपत्तीने त्या मिरपुडीचा उलगडा होत नाही.