नवे कर्नल आणि विकतचे सॉफ्टवेअर : ग्राहकाने किती अपेक्षा ठेवावी?

लिनक्स प्रणालीचा गाभा म्हणजे कर्नल. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या या गाभ्याची नवी आवृत्ती आता साधारणतः दर ९ ते १० आठवड्यांनी येते. पैसे मोजून घेतलेले सॉफ्टवेअर तिच्यावर पहिल्याच दिवशी चालावे, ही अपेक्षा कितपत रास्त आहे, हे त्या सॉफ्टवेअरच्या प्रकारावर ठरते.

हिशेबाची किंवा डेटाबेसची सॉफ्टवेअरे कर्नलच्या बाहेर राहून त्याच्याकडून काम करून घेतात. हा बाहेरचा व्यवहार मोडायचा नाही, असा टोरवाल्ड्स यांचा दंडकच आहे. त्यामुळे कर्नल बदलले तरी ती बहुधा सुरळीत चालतात.

एनव्हिडियाचे ग्राफिक्स ड्रायव्हर किंवा व्हीएमवेअर वर्कस्टेशन यांचे तसे नाही. त्यांचे काही भाग, म्हणजेच मॉड्यूल, कर्नलच्या आत काम करतात आणि अंतर्गत रचना कायम ठेवण्याची हमी कर्नलचे विकासक जाणीवपूर्वक देत नाहीत. एखादे फंक्शन बदलले, की कर्नलमध्येच समाविष्ट असलेले ड्रायव्हर त्यासोबत दुरुस्त होतात. बाहेरच्या मॉड्यूलची दुरुस्ती संबंधित कंपनीलाच करावी लागते. डेलने विकसित केलेली डीकेएमएस ही व्यवस्था नव्या कर्नलसाठी मॉड्यूल आपोआप पुन्हा तयार करते. परंतु मूळ कोडच जुळत नसेल, तर तिचाही उपाय चालत नाही.

म्हणूनच कंपन्या सहसा ठरावीक वितरणांचीच हमी देतात. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ मध्ये कर्नलची ५.१४ ही आवृत्ती कायम ठेवून नंतरच्या सुरक्षा-दुरुस्त्या तिच्यात घातल्या जातात. हमी दिलेल्या अशा वितरणावर सॉफ्टवेअर अडले, तर ग्राहकाची तक्रार पूर्णतः न्याय्य ठरते. फेडोरा किंवा आर्च लिनक्ससारख्या वेगाने बदलणाऱ्या वितरणांवर मात्र काही काळ थांबण्याची तयारी ठेवावी लागते.

खरा पेच सुरक्षेचा आहे. एका मॉड्यूलसाठी कर्नलचे अद्ययावतीकरण लांबवले, तर ज्ञात त्रुटी उघड्या राहतात. त्यामुळे कोणत्या वितरणांना आणि नव्या कर्नलला किती दिवसांत पाठबळ मिळेल, हे खरेदीपूर्वीच लेखी मागावे. अद्ययावतीकरण आधी एकाच संगणकावर तपासावे आणि अडचण आल्यास परतता यावे, यासाठी आधीचे कर्नल काढून टाकू नये.