थिरकवा : एका तबलावादकाची घडण

आमच्या संगीताचा इतिहास बहुधा गवयांचाच इतिहास असतो. कोणत्या गवयानें कोणत्या दरबारांत कोणता राग रंगविला याच्या कथा घरोघर सांगितल्या जातात. पण त्याच्या शेजारीं बसून ज्यानें ताल सांभाळला, त्याचें नांव सांगणारा क्वचितच भेटतो. या रिवाजास महाराष्ट्रानें जे ठळक अपवाद केले, त्यांत उस्ताद अहमदजान थिरकवा यांचें नांव अग्रभागीं येतें. तालवादक कसा घडतो आणि त्याला समाजाकडून काय मिळावें लागतें, या दोन्ही गोष्टी त्यांच्या चरित्रांत स्पष्ट दिसतात.

अहमदजान यांचा जन्म १८९२ च्या सुमारास मुरादाबादेस, वादकांच्या घराण्यांत झाला. वडील सारंगिये होते. लहान वयांतच ते मुंबईस उस्ताद मुनीरखां यांच्यापाशीं तालमीस राहिले. ‘थिरकवा’ हें त्यांचें आडनांव नव्हे. मुलाचीं बोटें तबल्यावर थिरकतात, असें मुनीरखांचे वडील काळेखां कौतुकानें म्हणाले व तेंच नांव पुढें रूढ झालें, असें सांगतात.

या तालमीची रीत ध्यानांत घेण्याजोगी आहे. बोल आधीं तोंडीं बसवावयाचे, मग हातांत उतरवावयाचे. जीभ जेथें अडखळते तेथें बोटेंही अडखळणारच. पश्चिम आफ्रिकेंतील योरुबा लोकांतही ढोलवादकांचीं घराणीं आहेत. तेथील मुलें घरच्या वडीलधाऱ्यांचें वादन ऐकतच वाढतात, आणि त्यांचा डुंडुन नांवाचा ढोल बोलीचे चढउतार वाजवून प्रत्यक्ष शब्द उच्चारतो. तेथें वाद्य माणसासारखें बोलतें. येथें माणूस आधीं वाद्यासारखा बोलतो. दोन्ही ठिकाणीं विद्येचें मूळ पुस्तकांत नसून कानांत आहे.

मुनीरखांचें घर ही थिरकवांची पहिली शाळा. दुसरी शाळा मराठी रंगभूमि. १९१३ सालीं स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळींत ते बालगंधर्वांच्या साथीला बसूं लागले. सारंगीवर कादरबक्ष होते. पेशकार, कायदे, रेले, गती यांचें भांडार जवळ असलेल्या वादकाला येथें निराळीच परीक्षा होती. प्रेक्षक आले ते पद ऐकण्यासाठीं. पदाचा भाव झांकला जाऊं नये, शब्द दबूं नये, आणि जेवढी जागा मिळेल तेवढींत आपली विद्या दाखवावी, हा संयम घरच्या रियाजांत येत नाहीं. आमच्या मतें थिरकवांच्या कीर्तीचें एक रहस्य याच संयमांत आहे.

रंगभूमीनें आणखी एक उपकार केला. ‘तबलजी’ हा शब्द सभ्य घरांतून हेटाळणीनें उच्चारला जाई, त्या काळांत तींच घरें सहकुटुंब नाटकाला जाऊन तबला मन लावून ऐकूं लागलीं. कलावंताला आश्रय लागतो तसा मानही लागतो.

पुढें ते रामपूरच्या दरबारीं राहिले व नंतर लखनौच्या भातखंडे संगीत महाविद्यालयांत अध्यापक झाले. १९७० मध्यें त्यांना पद्मभूषण मिळालें. १३ जानेवारी १९७६ रोजीं लखनौस ते वारले. पण विद्या महाराष्ट्रांतही राहिली. लालजी गोखले, निखिल घोष, जगन्नाथबुवा पुरोहित, ठाण्याचे भाई गायतोंडे यांनीं ती घेतली आणि पुढें दिली. उस्तादानें दडविलेली चीज त्याच्याबरोबर जाते. दिलेली चीज मात्र शिष्याच्या हातांत वाढते.

आज विरारजवळच्या फुलपाड्यासारख्या वस्तींतही एखादें मूल तबल्याच्या वर्गाला जाऊं लागलें, तर आईबाप पहिल्यानें परीक्षेची चौकशी करतात. परीक्षा अवश्य द्यावी. परंतु तिला पाठांतर मोजतां येतें, संयम मोजतां येत नाहीं. म्हणून त्या मुलाला आधीं बोल म्हणूं द्यावे आणि मग लवकरच कोणा गाणाऱ्याच्या शेजारीं बसवावें. दुसऱ्याचें गाणें ऐकतां ऐकतां स्वतःचा हात आवरणें ज्याला साधलें, तोच खरा साथीदार झाला.