परभणीचा ताम्रपट आणि शुभधाम जिनालय

परभणीला सापडलेल्या एका संस्कृत ताम्रपटात एक देऊळ टिकून आहे. देऊळ परभणीचे नव्हे. त्याचे नाव शुभधाम जिनालय आणि ठिकाण लेंबुलपाटक, म्हणजे आजच्या तेलंगणातले वेमुलवाडा. ताम्रपट हलवता येतो. दानाचा हक्क ज्याच्याकडे, त्याच्यासोबत पत्रेही गावोगाव फिरतात. म्हणून लेख कुठे सापडला यावरून देवळाची जागा ठरवायची नसते.

आधी काळ. लेखात शक ८८८, क्षय संवत्सर आणि वैशाखी पौर्णिमा आहे. ७८ मिळवले की इ. स. ९६६ येते, आणि दक्षिणी गणनेने त्या वर्षी क्षय संवत्सरच पडते. आकड्याच्या वाचनाबद्दल मग शंका उरत नाही.

दाता वेमुलवाड्याचा चालुक्य, तिसरा अरिकेसरी. तो राष्ट्रकूट तिसऱ्या कृष्णाचा मांडलिक. जिनालय अरिकेसरीचा पिता बद्दिग याचे. दान म्हणून दिलेले गाव वनिकटुपुलु, सब्बि-सहस्र प्रदेशातल्या रेपाक-बारा या बारा गावांच्या गटापैकी. दान घेणारे जैन आचार्य सोमदेवसूरी.

हे सोमदेव 'यशस्तिलक' या संस्कृत ग्रंथाचे कर्तेच का? ताम्रपट त्यांना यशोधराच्या चरिताचा कर्ता म्हणतो, आणि 'यशस्तिलक'चा नायक यशोधरच. गुरू नेमिदेव दोन्हीकडे तेच. ग्रंथ शक ८८१ मध्ये, सिद्धार्थी संवत्सरात, गंगाधारा येथे पूर्ण झाला. ९५९ ला सिद्धार्थी, ९६६ ला क्षय : सात वर्षांचा हिशेबही बरोबर बसतो. एक गाठ मात्र राहते. ग्रंथ त्यांना देवसंघ या मुनिसंघाचे म्हणतो, ताम्रपट गौडसंघाचे. एकाच परंपरेची ही दोन नावे असावीत, पण हा माझा तर्क आहे. व्यक्ती एकच, हे निश्चित.

आता वास्तू. दानाचा हेतू तीन शब्दांत येतो : खंडस्फुटित, नवसुधाकर्म, बलिनिवेद्य. म्हणजे मोडतोडीची दुरुस्ती, नवा चुना, पूजा-नैवेद्य. इथे कल्पनेला मोह पडतो : देऊळ पडायला आले होते! पण खंडस्फुटिताची दुरुस्ती हा दख्खनच्या दानलेखांतला ठरलेला शब्दप्रयोग आहे, आणि पित्याने उभारलेले देऊळ मुलाच्या काळी जुने कितीसे असणार? मी तो पडझडीचा पुरावा मानत नाही. 'सुधा' म्हणजे चुना. त्यावरून भिंती विटांच्या होत्या असेही म्हणता येत नाही, दगडी देवळालाही चुना चढे. इतकेच म्हणू की हे जिनालय पांढरे असावे, आणि ते पांढरे राहावे यासाठी एका गावाचे उत्पन्न लावून दिले होते.

वेमुलवाड्यात जैन मूर्ती आजही आढळतात. त्यांपैकी एखादी शुभधामातली असू शकेल, पण तसे सांगणारा शब्द त्यांच्यावर हवा. रेपाका हे गाव मात्र तेलंगणात अजून त्याच नावाने आहे.