तरंगता धक्का

तरंगता धक्का म्हणजे नदी, खाडी, सरोवर किंवा धरणाचा जलाशय यांच्या काठाशी पाण्यावर तरंगत राहणारा, पाण्याच्या पातळीबरोबर वर-खाली होणारा आणि होड्या लावण्यासाठी व उतारूंच्या चढउतारासाठी बांधलेला मंच होय. दगडी किंवा काँक्रीटचा बांधीव धक्का आपल्या जागी स्थिर असतो, त्यामुळे भरतीच्या व ओहोटीच्या वेळी होडी आणि धक्का यांच्या उंचीत मोठा फरक पडतो. तरंगत्या धक्क्यावर हा फरक जवळजवळ राहत नाही. असा धक्का सतत पाण्यात असल्याने त्याचे भाग झिजतात, कुजतात, गंजतात व काही वर्षांनी बदलावे लागतात. जुना धक्का काढून नवा बसवण्याचे काम निष्काळजीपणे झाल्यास नदीच्या पाण्यात गाळ, तेल, फेसाळ प्लास्टिकचे कण आणि विषारी रसायने मिसळतात. म्हणून धक्का बदलणे हे अभियांत्रिकीइतकेच जलसंरक्षणाचेही काम मानले जाते.

नाव आणि संज्ञा

मराठीत होड्या-जहाजे लागण्याच्या जागेला 'धक्का' हा शब्द रूढ आहे. मुंबईतील 'भाऊचा धक्का' हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण होय. बोलीत 'जेट्टी' हा शब्दही सर्रास वापरला जातो. 'गोदी' हा शब्द मात्र प्रामुख्याने जहाजांची बांधणी, दुरुस्ती किंवा मालाची चढउतार होते त्या मोठ्या बंदिस्त जागेसाठी योजतात. तरंगत्या धक्क्याखालील पोकळ किंवा हलक्या पदार्थाने भरलेल्या ठोकळ्यांना 'पोंटून' म्हणतात.

इतिहास

पाण्यावर तरंगणाऱ्या ठोकळ्यांचा आधार घेण्याची कल्पना प्राचीन आहे. होड्या एकमेकींना बांधून सैन्यासाठी पूल उभारण्याची पद्धत अनेक देशांत होती. भारतात हुगळी नदीवर १८७४ मध्ये कोलकाता व हावडा यांना जोडणारा पोंटूनचा पूल खुला झाला. १९४३ मध्ये सध्याचा हावडा पूल सुरू होईपर्यंत तो वापरात होता. इंग्लंडमध्ये लिव्हरपूल येथे मर्सी नदीच्या मोठ्या भरती-ओहोटीवर उपाय म्हणून एकोणिसाव्या शतकात तरंगते उतारधक्के बांधले गेले. दुसऱ्या महायुद्धात १९४४ च्या जून महिन्यात नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उभारलेल्या 'मलबेरी' या कृत्रिम बंदरांतही भरतीबरोबर वर-खाली होणारे धक्के आणि तरंगते रस्ते होते.

भारतात अलीकडच्या काळात तरंगत्या धक्क्यांचा वापर वाढला आहे. गोव्यात मांडवी नदीवर काँक्रीटच्या पोंटूनचे धक्के बसवण्यात आले आहेत. एप्रिल २०२३ मध्ये सुरू झालेल्या कोची जलमेट्रोच्या स्थानकांवर उतारूंची चढउतार तरंगत्या पोंटूनवरूनच होते. राष्ट्रीय जलमार्ग अधिनियम, २०१६ नुसार देशात १११ राष्ट्रीय जलमार्ग घोषित झाले असून मांडवी (क्रमांक ६८) आणि झुआरी (क्रमांक १११) या गोव्यातील नद्यांचा त्यांत समावेश आहे.

रचना

तरंगत्या धक्क्याचे साधारणतः पुढील भाग असतात.

पोंटून : धक्क्याला तरंगत ठेवणारे ठोकळे. ते पोलादी टाक्या, पोकळ काँक्रीट, जाड प्लास्टिकचे डबे किंवा थर्माकोलचे (प्रसरित पॉलिस्टायरिनचे) ठोकळे यांचे असतात.

चौकट व पृष्ठभाग : पोंटूनवर लाकडी, पोलादी किंवा ॲल्युमिनियमची चौकट आणि तिच्यावर चालण्यासाठी फळ्या किंवा जाळी.

चालपूल : काठ आणि धक्का यांना जोडणारा बिजागरीचा उतार. पाणी उतरले की त्याचा चढ तीव्र होतो.

खांब किंवा नांगर : धक्का प्रवाहाबरोबर वाहून जाऊ नये म्हणून तळात ठोकलेले खांब, किंवा साखळदंडांनी बांधलेली वजने. खांबाभोवतीच्या कड्यांमुळे धक्का फक्त वर-खाली सरकतो.

धक्क्याची भारक्षमता आर्किमिडीजच्या तत्त्वावरून काढतात. तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारते. समजा, धक्का २ मीटर रुंद व ६ मीटर लांब आहे, त्याचे स्वतःचे वजन ९०० किलोग्रॅम आहे आणि प्रत्येक चौरस मीटरवर १५० किलोग्रॅम भार धरला आहे. १२ चौरस मीटरवर हा भार १,८०० किलोग्रॅम आणि एकूण वजन २,७०० किलोग्रॅम होते. गोड्या पाण्याचे वजन घनमीटरला १,००० किलोग्रॅम असल्याने पोंटूनचा २.७ घनमीटर भाग पाण्याखाली जाईल. खाऱ्या पाण्याचे वजन घनमीटरला सुमारे १,०२५ किलोग्रॅम असते, त्यामुळे खाडीत हाच भाग सुमारे २.६३ घनमीटर भरेल. पृष्ठभाग पाण्यापासून पुरेसा उंच राहावा म्हणून पोंटूनचे प्रत्यक्ष आकारमान याहून बरेच जास्त ठेवावे लागते.

जीर्ण होण्याची कारणे

लाकूड बुरशीने कुजते आणि खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारे जलचर ते आतून पोकळ करतात. पोलाद गंजते. जिथे ते आळीपाळीने ओले व कोरडे होते तिथे गंज अधिक वेगाने चढतो. उघड्या थर्माकोलचे सूर्यप्रकाशाने, लाटांच्या घासण्याने आणि जलचरांच्या पोखरण्याने कण सुटतात. कालांतराने त्यात पाणी शिरून तो जड होतो. धक्का एका बाजूला कलणे, पृष्ठभाग पाण्याच्या जवळ येणे, बिजागऱ्या ढिल्या होणे आणि खांबाभोवतीची कडी अडकणे ही बदलाची वेळ आल्याची लक्षणे होत. पुरात वाहून आलेले ओंडके व जलपर्णीचे ढीग यांच्या दाबानेही धक्के तुटतात.

पाण्याच्या गुणवत्तेवर होणारे परिणाम

गाळ : खांब उपटताना किंवा ठोकताना तळाचा गाळ ढवळला जातो. गढूळ पाण्यात सूर्यप्रकाश खोलवर पोहोचत नाही, माशांच्या कल्ल्यांना इजा होते आणि तळाशी घातलेली अंडी गाळाखाली दबतात. गाळात पूर्वीपासून साचलेले जड धातू व सेंद्रिय घाण पुन्हा पाण्यात मिसळल्याने विरघळलेला ऑक्सिजनही घटतो.

प्लास्टिकचे कण : थर्माकोलचे सुटलेले मणी पाण्यावर तरंगत दूरवर जातात. मासे व पक्षी ते अन्न समजून गिळतात. एकदा पसरलेले मणी गोळा करणे जवळजवळ अशक्य असते.

लाकडावरील रसायने : लाकूड टिकावे म्हणून पूर्वी क्रिओसोट हे डांबरी तेल वापरत. त्यातील पॉलिसायक्लिक ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन जलचरांना घातक असतात. तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांच्या मिश्रणाने लाकूड टिकवण्याची पद्धत सोंटी कामेसन या भारतीय शास्त्रज्ञाने १९३३ मध्ये शोधली. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत झालेला हा शोध जगभर वापरला गेला. मात्र आर्सेनिकच्या धोक्यामुळे अमेरिकेत २००३ च्या अखेरीपासून घरगुती वापराच्या बहुतेक लाकडासाठी त्याचे उत्पादन थांबवण्यात आले. पाण्यातील तांब्याच्या अल्प प्रमाणानेही सामन माशांची गंधशक्ती मंदावते, असे प्रयोगांत दिसून आले आहे.

ओले काँक्रीट : न वाळलेल्या काँक्रीटचे पाणी अतिशय अल्कधर्मी असते आणि त्याचा सामू १२ च्याही वर जाऊ शकतो. असे पाणी साचलेल्या किंवा मंद वाहणाऱ्या पात्रात मिसळल्यास मासे मरतात.

सावली : रुंद आणि सलग धक्क्याखाली सूर्यप्रकाश पोहोचत नाही, त्यामुळे पाणवनस्पती वाढत नाहीत. अमेरिकेच्या वायव्येकडील नद्यांत सामनची पिल्ले अशा सावल्या टाळून खोल पाण्याकडे वळतात. 'स्मॉलमाउथ बास'सारखे शिकारी मासे मात्र धक्क्यांच्या आडोशाला दबा धरतात.

परकीय जीव : धक्क्याच्या खालच्या बाजूस शिंपले, शेवाळ आणि इतर जीव चिकटतात. २०११ च्या त्सुनामीत जपानमधील मिसावा बंदरातून सुटलेला सुमारे २० मीटर लांबीचा धक्का जून २०१२ मध्ये अमेरिकेच्या ओरेगन राज्यातील किनाऱ्याला लागला. त्यावर तेथील समुद्रात नसलेले अनेक जपानी जीव जिवंत आढळले. ते पसरू नयेत म्हणून धक्का तातडीने खरवडून काढावा लागला. जुना धक्का एका नदीतून काढून दुसरीत वापरण्यापूर्वी तो स्वच्छ करून पूर्ण वाळवावा लागतो, त्याचे कारण हेच आहे.

धक्का बदलण्याची पद्धत

सर्वेक्षण : प्रथम पोंटून, खांब व चौकट यांची तपासणी करतात. खांब सुस्थितीत असल्यास केवळ वरचा भाग बदलणे श्रेयस्कर ठरते, कारण त्यात तळाला हात लावावा लागत नाही. त्याच वेळी पाण्याचा गढूळपणा, सामू व विरघळलेला ऑक्सिजन मोजून ठेवतात. कामाच्या आधीचे आकडे नसतील तर कामामुळे काय बिघडले हे पुढे ठरवता येत नाही.

हंगामाची निवड : माशांच्या विणीचा व स्थलांतराचा काळ टाळून काम करतात. रोहू, कटला व मृगळ हे मासे पावसाळ्यात अंडी घालतात आणि पुराचा धोकाही त्याच काळात असतो. म्हणून भारतातील बहुतेक नद्यांवर पावसाळ्यानंतरचा काळ सोयीचा असतो.

जुना धक्का काढणे : धक्का पाण्यातच तोडण्याऐवजी त्याचे भाग सुटे करून ते ओढत काठावर नेतात आणि पूररेषेच्या वर तोडतात. उघडा थर्माकोल हलवण्यापूर्वी त्याभोवती जाळी किंवा ताडपत्री गुंडाळतात. खांब झटक्याने न उपटता कंपनयंत्राने सैल करून सावकाश वर काढतात. खांब काढताना मोडण्याची किंवा दूषित गाळ उसळण्याची भीती असल्यास तो तळाशी कापण्याचा पर्याय असतो.

गाळ व तेल अडवणे : कामाच्या जागेभोवती पाण्यात गाळरोधक पडदा सोडतात. तो वरच्या बाजूस तरंड्यांनी तरंगतो व खालच्या बाजूस साखळीच्या वजनाने ताठ राहतो. वेगवान प्रवाहात असा पडदा टिकत नाही, त्यामुळे तेथे काम संथ पाण्याच्या वेळी करणे हाच उपाय असतो. यंत्रांत इंधन भरण्याचे काम काठापासून दूर करतात आणि तेल शोषणारे पट्टे हाताशी ठेवतात.

नवा धक्का बसवणे : कापणे, भोके पाडणे व रंगवणे ही कामे जमिनीवर उरकतात. काँक्रीटचे पोंटूनही जमिनीवरच ओतून पूर्ण कडक झाल्यावर पाण्यात सोडतात. थर्माकोल वापरायचा झाल्यास तो जाड प्लास्टिकच्या किंवा काँक्रीटच्या कवचात बंद केलेला असावा लागतो. पृष्ठभागास जाळीच्या फळ्या लावल्यास खाली उजेड पोहोचतो. पाणी उतरल्यावर पोंटून तळाला टेकू नयेत म्हणून खांबांवर अडणी बसवतात, कारण तळावर घासणारा धक्का रोज नव्याने गाळ ढवळतो.

लेसी व्ही. मरो पुलाची दुर्घटना

पाण्याचे संरक्षण आणि तरंगत्या रचनेची सुरक्षितता यांचा विचार एकत्र न केल्यास काय होते, याचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील सिएटल येथील लेसी व्ही. मरो पूल हे होय. लेक वॉशिंग्टन या सरोवरावरील, काँक्रीटच्या पोकळ पोंटूनवर उभा असलेला हा पूल १९४० मध्ये खुला झाला. १९९० मध्ये त्याच्या नूतनीकरणाच्या वेळी उच्च दाबाच्या पाण्याने जुने काँक्रीट फोडले जात होते. ते दूषित पाणी सरोवरात सोडण्यास मनाई असल्याने ते तात्पुरते पोंटूनच्या पोकळीतच साठवण्याचे ठरले. त्यासाठी पोंटूनची जलरोधक दारे काढण्यात आली. नोव्हेंबरच्या अखेरीस झालेल्या वादळात पावसाचे व लाटांचे पाणीही आत शिरले आणि २५ नोव्हेंबर १९९० रोजी पुलाचा मोठा भाग बुडाला. त्या वेळी पूल वाहतुकीस बंद असल्याने जीवितहानी झाली नाही. त्या जागी उभारलेला नवा पूल १९९३ मध्ये सुरू झाला. सरोवर वाचवण्याचा नियम योग्यच होता. चूक झाली ती दूषित पाण्यासाठी स्वतंत्र टाकी किंवा बार्ज न ठेवता रचनेला तरंगत ठेवणारी पोकळीच वापरण्यात.

कायदे आणि परवानग्या

अमेरिकेत १८९९ च्या नद्या व बंदरे अधिनियमाच्या कलम १० नुसार नौकानयनयोग्य पाण्यात कोणतीही रचना उभारण्यास लष्कराच्या अभियंता दलाची परवानगी लागते. पाण्यात भराव किंवा गाळ टाकण्यावर १९७२ च्या स्वच्छ जल अधिनियमाचे कलम ४०४ लागू होते. पूर्वी परवानगी मिळालेल्या व वापरण्याजोग्या रचनेची त्याच जागी दुरुस्ती किंवा बदल करण्यासाठी तुलनेने सोपी सर्वसाधारण परवानगी उपलब्ध असते. ओरेगन व वॉशिंग्टन राज्यांत धक्क्याखालील फेसाळ प्लास्टिक कवचबंद असणे बंधनकारक आहे.

भारतात जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ अन्वये नदीत प्रदूषक पदार्थ सोडण्यास मनाई असून राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळे त्यावर देखरेख ठेवतात. भरती-ओहोटीच्या प्रभावाखालील नद्या व खाड्यांना किनारी नियमन क्षेत्राची अधिसूचना लागू होते. महाराष्ट्रात लहान बंदरे व खाड्यांतील धक्के यांचे काम १९९६ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र सागरी मंडळ पाहते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गीकरणानुसार सार्वजनिक स्नानास योग्य पाण्यात लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम, तर मत्स्यजीवनास योग्य पाण्यात किमान ४ मिलिग्रॅम विरघळलेला ऑक्सिजन असावा लागतो. दोन्ही वर्गांत सामू ६.५ ते ८.५ या मर्यादेत अपेक्षित असतो.

देखभाल

नव्या धक्क्याचे आयुष्य देखभालीवर अवलंबून असते. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर बिजागऱ्या, साखळ्या व पोंटूनची तपासणी, अडकलेला कचरा काढणे आणि कवचाला पडलेली चीर तत्काळ बुजवणे ही प्रमुख कामे होत. धक्का धुताना तीव्र रसायने वापरत नाहीत, कारण धुतलेले पाणी थेट नदीत जाते. होड्यांचा मैला, तेलकट पाणी व कचरा काठावर जमा करण्याची सोय असल्यास धक्क्यामुळे होणारे दैनंदिन प्रदूषण बरेच आटोक्यात राहते.