धिटाईची प्रार्थना आणि हमीचा भ्रम

प्रार्थनेविषयी एक मत सध्या आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांत जोरात आहे. मुळशी तालुक्याच्या शहराकडच्या पट्ट्यात, पिरंगुट-हिंजवडीकडच्या नव्या सोसायट्यांत भरणाऱ्या घरगुती प्रार्थनासभा असोत की मोबाइलवर ऐकली जाणारी प्रवचने असोत, सूर साधारण एकच असतो. देवाने वचन दिले आहे, तेव्हा वचनावर दावा करा. शंकेला मनात थारा देऊ नका. मागितले ते मिळालेच असे धरून चाला आणि तोंडानेही तसेच बोला. मागणे नोकरीचे असो, व्हिसाचे, मुलाचे की आजारातून उठण्याचे. मिळाले तर साक्ष द्यायची. मिळाले नाही तर विश्वासात कुठे खोट राहिली ते शोधायचे. धिटाई म्हणजे निकालाची खात्री, हे या मताचे सार.

याला उतारा म्हणून जुन्या मंडळ्यांत दुसरे मत रूढ आहे. त्यांना ही धिटाई उर्मट वाटते. देव सर्वज्ञ आहे, त्याला आपण काय सांगणार? म्हणून नेमके काही मागूच नये, जे घडेल ती त्याची इच्छा म्हणावे आणि आमेन म्हणून उठावे.

वरवर पाहता ही दोन टोके आहेत, पण दोन्ही पक्षांचे गृहीतक एकच आहे : धिटाईने मागणे म्हणजे हमी धरून मागणे. पहिला पक्ष हमी पत्करतो. दुसरा हमी नाकारतो आणि तिच्याबरोबर धिटाईही टाकून देतो. माझे म्हणणे असे, की हे गृहीतकच शास्त्राला धरून नाही. बायबलमधली धिटाई, आपण कोणासमोर उभे आहोत याच्या खात्रीतून येते. निकाल काय लागेल याच्या खात्रीशी तिचा संबंध नाही. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात कृपेच्या सिंहासनाजवळ धैर्याने जाण्याचे आमंत्रण आहे. त्याला तिथे जे कारण दिले आहे ते हेच, की आपला महायाजक आपल्या दुर्बलता जाणतो. जाण्याचा हक्क त्याच्यामुळे मिळतो, आपल्या मनाच्या ताकदीमुळे नव्हे.

पूर्वपक्षाचे बळ आधी मान्य केले पाहिजे. त्याच्या हाती चार भक्कम आधार आहेत. मार्काच्या अकराव्या अध्यायात येशू सांगतो, की प्रार्थनेत जे मागाल ते मिळाले असा विश्वास धरा. याकोब म्हणतो, की संशय धरणाऱ्याने काही मिळण्याची आशा करू नये. त्याच पत्राच्या शेवटी विश्वासाची प्रार्थना आजाऱ्याला उठवील असे आश्वासन आहे. शिवाय नासरेथात लोकांच्या अविश्वासामुळे येशूने फारसे चमत्कार केले नाहीत, ही शुभवर्तमानातली नोंदही आहे. विसाव्या शतकात अमेरिकेत ई. डब्ल्यू. केन्यन आणि पुढे केनेथ हेगिन यांनी अशा वचनांवर जी शिकवण उभी केली, तिचे पडसाद आज आपल्याकडच्या व्यासपीठांवर उमटतात. तिला निव्वळ लोभ म्हणून उडवून लावणे अन्यायाचे होईल. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना दारात उभे केले गेले नाही, त्यांना देवाजवळ थेट मागता येते असे सांगणारी शिकवण हवीशी वाटणारच.

पण या चारही वचनांचा संदर्भ पाहा. मार्काचा अकरावा अध्याय वाचणाऱ्याला तीनच अध्यायांनंतर गेथशेमाने लागते. तिथे येशू प्रार्थना करतो. पित्याला सर्व काही शक्य आहे हे तो आधी म्हणतो, म्हणजे विश्वासात कमतरता नाही. मग हा प्याला दूर कर असे उघड मागतो, म्हणजे धिटाईतही कमतरता नाही. आणि प्याला दूर होत नाही. हमीचा सिद्धान्त खरा मानला, तर त्याचा पहिला बळी स्वतः ख्रिस्त ठरतो. एवढ्या एका प्रसंगावर हा वाद मिटायला हरकत नव्हती.

याकोबाच्या पहिल्या अध्यायात मागणे आहे ते ज्ञानाचे, आणि दोष आहे तो द्विमनस्कतेचा, म्हणजे एक पाय देवाकडे आणि एक जगाकडे ठेवण्याचा. चौथ्या अध्यायात तो हाच दोष पुन्हा काढतो आणि चैनीसाठी मागणाऱ्यांना मिळत नाही असेही बजावतो. घाबरलेल्या मनात येणारी शंका ही वेगळी गोष्ट आहे. आजारी मुलाचा बाप येशूसमोर आपला विश्वास आणि आपला अविश्वास एका दमात कबूल करतो, तेव्हा येशू त्याला आधी शंका घालवून ये असे सांगत नाही. मुलाला बरे करतो.

याकोबाचा पाचवा अध्याय तर हमीवाल्यांच्या विरुद्ध जातो. तिथे आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवायचे आहे, आणि प्रार्थना करायची आहे ती वडिलांनी. विश्वासाची प्रार्थना म्हटली आहे ती त्यांची. मग एखादा आजारी उठला नाही, तर विश्वासाची उलटतपासणी कोणाची व्हायला हवी? खाटेवरच्या माणसाची खासच नव्हे. छप्पर उसकटून पक्षाघाती माणसाला खाली सोडणाऱ्यांच्या गोष्टीतही येशू पाहतो तो त्या चौघांचा विश्वास. आणि नासरेथकरांनी येशूला नाकारले होते. मागून रिकाम्या हाताने परतलेले लोक ते नव्हेत. नाकारणाऱ्यांवरचा दोष मागणाऱ्यांच्या माथी मारणे हा तर्कदोष आहे.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा बारावा अध्याय या बाबतीत फार बोलका आहे. हेरोद योहानाचा भाऊ याकोब याला तरवारीने मारतो आणि पेत्राला तुरुंगात टाकतो. मंडळी पेत्रासाठी कळकळीने प्रार्थना करते. पेत्र सुटतो, प्रार्थना चालू असलेल्या घराचे दार ठोठावतो, आणि आतले लोक निरोप आणणाऱ्या मुलीलाच वेडी ठरवतात. ज्यासाठी मागत होते ते दारात उभे, आणि मागणाऱ्यांचा त्यावर विश्वास नाही! हमीच्या हिशेबाने पेत्र आतच राहायला हवा होता. उलट मारल्या गेलेल्या याकोबासाठी मंडळीने कमी विश्वासाने प्रार्थना केली असे लूक कुठेही सुचवत नाही. इब्री पत्राच्या अकराव्या अध्यायात विश्वासाने तरवारीच्या धारेतून निसटलेले आणि विश्वासानेच तरवारीने मेलेले एकाच यादीत आहेत. पौलाने शरीरातल्या काट्याबद्दल तीनदा विनवणी केली. काटा राहिला, कृपा मिळाली. त्रफिमाला त्याने मिलेतात आजारी ठेवून पुढचा प्रवास केला. तीमथ्याच्या पोटाच्या तक्रारीवर थोडा द्राक्षारस घेण्याचा उपाय सुचवला. वचनावर दावा कर असे लिहिले नाही. औषध सोडणे ही विश्वासाची खूण मानणाऱ्यांनी तीमथ्याला लिहिलेले ते पत्र जरूर वाचावे.

आता ग्रंथाबाहेर, आपल्याच जिल्ह्यात येऊ. महाराष्ट्रात धिटाईच्या प्रार्थनेचे नाव काढले की केडगावच्या मुक्ती मिशनचा आणि पंडिता रमाबाईंचा दाखला हमखास येतो. दाखला योग्य आहे, त्यातून काढलेला निष्कर्ष अयोग्य आहे. १९०७ साली लिहिलेल्या साक्षीत रमाबाईंनी ब्रिस्टलचे जॉर्ज म्यूलर, चीनमध्ये काम करणारे हडसन टेलर आणि न्यू हेब्रिडीज बेटांवरचे जॉन पॅटन यांच्या चरित्रांचा आपल्यावर झालेला परिणाम सांगितला आहे. ही सगळी माणसे पैशासाठी देवावर भिस्त ठेवून मोठी कामे उभी करणारी. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून अनाथ मुली व विधवा आणल्या. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर मुक्तीतली संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. कोणत्याही बँकेने हसावे असा हा व्यवहार होता, आणि तो चालला.

पण रमाबाईंनी मागितले काय, हे पाहा. जानेवारी १९०५ मध्ये त्यांनी रोजच्या खास प्रार्थनेसाठी मुलींना बोलावले, तेव्हा सुमारे सत्तर जणी पुढे आल्या आणि पुढे ही संख्या कैक पटींनी वाढली. विषय होता भारतातल्या ख्रिस्ती लोकांचे, म्हणजे स्वतःचेही, खरे परिवर्तन आणि पवित्र आत्म्याचे सामर्थ्य. जूनअखेर मुक्तीत जी जागृती झाली, तिच्यात शेकडो मुलींचे एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करणे होते. आजचे अनुकरण नेमके त्या आवाजाचे होते. पापकबुली, आणि नंतर गावोगाव निघालेल्या मुलींच्या टोळ्या, यांचे अनुकरण करणारे कमी. शिवाय प्रार्थना चालू असताना मुक्तीत छापखाना, विणकाम, शेती यांतले काही थांबले नव्हते.

आणि त्याच रमाबाईंच्या आयुष्यातला दुसरा हिशेबही मांडला पाहिजे. आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या वर्षांत गेली, भाऊ श्रीनिवास १८८० मध्ये, पती बिपिनबिहारी मेधवी १८८२ मध्ये. हे सारे ख्रिस्ती होण्याआधीचे, म्हणून कोणी बाजूला ठेवील. पण मुक्तीची धुरा जिच्याकडे जाणार होती ती एकुलती मुलगी मनोरमा जुलै १९२१ मध्ये वारली. तेव्हा रमाबाईंच्या विश्वासाला तीस वर्षांची तपश्चर्या होती आणि भोवती प्रार्थना करणाऱ्या शेकडो स्त्रिया होत्या. मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांनी तशाच अवस्थेत पुरे केले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या आणि ते भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. रमाबाईंचा विश्वास उणा होता असे म्हणण्याची हिंमत हमीवाल्यांपैकी एकाचीही होणार नाही. मग मुळशीतल्या एखाद्या आईला ते तसे कोणत्या तोंडाने सांगतात?

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. मागणे ही हलक्या दर्जाची भक्ती, असे म्हणणाऱ्यांना ख्रिस्ती शास्त्र तर साथ देत नाहीच, पण मराठी मातीही देत नाही. भगवद्गीता भक्तांचे चार प्रकार सांगते. त्यांत संकटात हाक मारणारा आर्त आणि काही हवे म्हणून भजणारा अर्थार्थी आहेत, आणि ज्ञानी भक्ताला वरचे स्थान देतानाही ती चौघांनाही उदार म्हणते. नामदेवांनी नैवेद्य खाण्यासाठी विठ्ठलाकडे धरलेला हट्ट आणि जनाबाईंचे त्याच्याशी भांडण आपल्या कानांवरून गेलेले आहे. त्याच परंपरेत वाढलेल्या नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला माउली म्हटले, ते या सलगीच्या हक्कानेच. येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना तर मागण्यांचीच माळ आहे आणि तिच्या ऐन मध्यावर रोजची भाकर आहे. अब्राहाम सदोमासाठी पन्नासांपासून दहापर्यंत घासाघीस करतो. देव एकदाही रागावत नाही. सदोम वाचत नाही, तरी तो संवाद पवित्र शास्त्रात राहतो. निकाल उलटा लागला म्हणून मागणे उर्मट ठरले नाही.

‘देवाची इच्छा’ हे शब्द मागण्यानंतर येतात तेव्हा ते समर्पण असते. मागण्याऐवजी येतात तेव्हा ती बहुधा अपेक्षाभंगाची भीती असते. गेथशेमानेत आधी मागणे आहे, नंतर समर्पण. क्रम उलटवला की नम्रतेच्या नावाखाली देवाशी बोलणेच बंद पडते.

लूकाच्या अठराव्या अध्यायातली विधवा अन्यायी न्यायाधीशाच्या दारी पुन्हा पुन्हा जाते. तिच्यापाशी ना पैसा, ना वशिला. न्याय आपला आहे एवढीच तिची खात्री. मुळशीच्या वाचकाला हे चित्र परके वाटू नये. १६ एप्रिल १९२१ च्या रामनवमीला टाटांच्या धरणाविरुद्ध इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह मांडला. सेनापती बापट तुरुंगात गेले, १९२४ पर्यंत लढा चालला, शेवटी धरण झाले. जमिनी गेल्या म्हणून मावळ्यांची मागणी खोटी होती, की त्यांचा निर्धार कच्चा होता, असे आज कोणी म्हणत नाही. सरकार बहिरे होते, एवढेच म्हणतात. सरकार आणि देव यांत फरक आहे आणि तो फरक दाखवण्यासाठीच येशूने ती कथा सांगितली : देव त्या न्यायाधीशासारखा नाही. पण कथेच्या शेवटी येशू निकालाची तारीख देत नाही. मनुष्याचा पुत्र येईल तेव्हा त्याला पृथ्वीवर विश्वास आढळेल काय, असा प्रश्न टाकतो. म्हणजे त्या कथेत विश्वास हे मिळवण्याचे हत्यार नाही. उत्तर लांबले तरी दार न सोडण्याचे ते नाव आहे.

यावर कोणी विचारील, की हमी काढून घेतल्यावर विश्वासाने मागण्यात उरले काय? पुष्कळ उरले. नबुखद्नेस्सराच्या भट्टीसमोरचे तीन तरुण म्हणाले, की आमचा देव सोडवू शकतो. आणि न सोडवले तरी आम्ही मूर्तीपुढे वाकणार नाही. पहिल्या वाक्यात विश्वास आहे, दुसऱ्यात धिटाई. हमी असती, तर दुसऱ्या वाक्याची गरजच पडली नसती.

म्हणून मंडळ्यांना माझे तीन गोष्टींचे आवाहन आहे. आजाऱ्याला तुझा विश्वास किती असे विचारणे बंद करा. याकोबाने सांगितल्याप्रमाणे प्रार्थनेचे ओझे वडिलांनी उचलावे आणि औषध चालू ठेवायला सांगावे. साक्षीच्या वेळी ज्यांना मिळाले नाही आणि तरीही जे प्रार्थनेला येतात, त्यांनाही बोलू द्या. आणि जे हवे ते नाव घेऊन, सविस्तर, न लाजता मागा. मागायला जाण्याचा हक्क आपल्याला ख्रिस्तामुळे मिळाला आहे आणि निकाल काहीही लागला तरी तो हक्क जात नाही.